तुला काय आठवतं?

माझ्या धाकट्या बहिणीची स्मरणशक्ती घरात सगळ्यांच्या कामी यायची. कोणाचा फोन नंबर, कुठली किल्ली कुठल्या कप्प्यात, कोण कोणाला कधी काय बोललं, काहीही विचारा, ती मान वर न करता सांगायची. मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी, पण माझ्या लहानपणच्या गोष्टीसुद्धा तिलाच जास्त ठाऊक. एकदा कानावर पडलेलं तिच्याकडे जमा व्हायचं आणि मागाल तेव्हा जसंच्या तसं परत मिळायचं.

म्हणून त्या संध्याकाळी मी सहज विचारलं, की आपण मागे भेटलो त्याला किती दिवस झाले गं, आणि तिने पर्समधून एक छोटी वही काढली, तेव्हा मला आधी गंमतच वाटली. ती पानं उलटत म्हणाली, "थांब ताई, बघून सांगते. मला हल्ली नीट आठवत नाही."

वहीत तारीखवार नोंदी होत्या. खर्चाच्या नाहीत, कामाच्याही नाहीत. समोर बसून उलटं वाचता आलं तेवढं मी वाचलं. 'मंगळवार. मी सांगितलं की शनिवारी मला यायला उशीर होईल. तो ठीक आहे म्हणाला.' खाली रेघ. पुढची तारीख. पुन्हा तसंच काहीतरी.

"हे कशाला लिहितेस?"

"मी बोलते एक आणि मला आठवतं भलतंच, असं तो म्हणतो. होत असेल गं खरंच. म्हणून लिहून ठेवते." वही मिटून तिने परत पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन दोनदा ओढून पाहिली.

त्या वहीचं मोल मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला कळलं ते एवढंच, की हा माणूस, तिचा जोडीदार, माझ्या बहिणीला आतून पोखरतोय आणि तिला यातून बाहेर काढायचंय. बाहेर काढायचंय, हे क्रियापदच मी चुकीचं धरलं होतं. पण ते समजायला पुढची दोन वर्षं जावी लागली.

त्याच्याबद्दल आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो वाईट दिसत नव्हता. अशा हकिगती सांगताना आपण त्या माणसाला पहिल्या दिवसापासून खलनायक करून टाकतो, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं, हिला दिसलं कसं नाही? मलाही दिसलं नव्हतं. मला तो आवडला होता. पहिल्या भेटीत त्याने माझ्या कामाची चौकशी केली आणि दोन महिन्यांनी भेटला तेव्हा त्यातलं बारीकसारीक त्याच्या लक्षात होतं. बहिणीचं डोकं दुखायचं तर हट्टाने डोळे तपासायला घेऊन गेला, चष्म्याची फ्रेम स्वतः निवडून दिली. ती किती छान फ्रेम होती! आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं.

मग 'पोहोचलीस का' असे मेसेज सुरू झाले. मग पोहोचल्याचा फोटो लागायला लागला. दहा मिनिटांत उत्तर गेलं नाही तर तीन तीन दिवस अबोला, आणि चौथ्या दिवशी असं काही प्रेम, की त्या तीन दिवसांबद्दल बोलणं म्हणजे कृतघ्नपणा वाटावा. तिच्या मैत्रिणी एकेक करून 'तशा' निघाल्या. कोणी स्वार्थी, कोणी जळकी, कोणी तिला वाईट वळण लावणारी. ती हसायची तेव्हा पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं, ते हसू हळूहळू तोंडावर हात ठेवून हसण्याएवढं झालं. यातली एकही गोष्ट सुटी करून कोणाला सांगितली असती तर समोरच्याने म्हटलं असतं, अगं, एवढं काय त्यात?

पण माझ्या हाती याहून ठोस काहीतरी लागलं. ओळखीतल्या एकीने मला त्याचे मेसेज पाठवले, त्याच सुमारास तो दुसऱ्या एका मुलीला लिहीत होता ते. मग मी शोधतच गेले. बहिणीसाठी म्हणून जी नोकरी सोडल्याचं तो सांगायचा, तिथून त्याला आधीच काढून टाकलेलं होतं. घरच्या आजारपणासाठी म्हणून तिच्याकडून जे पैसे घेतले, त्यांचं काय झालं तेही कळलं. तीन महिने मी हे गोळा केलं. स्क्रीनशॉट छापून घेतले, तारखांच्या क्रमाने लावले, एका फाईलमध्ये घातले. मला वाटत होतं, सत्य एवढं स्वच्छ मांडलं की ते आपलं काम आपणच करील.

रविवारी दुपारी तिला घरी बोलावलं. काय बोलायचं याची मी मनात उजळणी केली होती. शांत राहायचं, आवाज चढवायचा नाही, एकेक कागद पुढे ठेवायचा. तसंच केलं. ती वाचत होती. पहिल्या पानाचा कोपरा दुमडलेला होता, तो ती अंगठ्याने पुन्हा पुन्हा सपाट करत होती. मी बोलतच होते. अर्धा पाऊण तास बोलले असेन. तिच्या डोळ्यांत पाणी येईल, ती माझ्या कुशीत शिरेल, असं काहीतरी चित्र माझ्या मनात होतं.

तिने फाईल मिटली आणि विचारलं, "हे तू कधीपासून जमवतेयस?"

"तीन महिने झाले."

"म्हणजे तीन महिने तू मला भेटत होतीस, बोलत होतीस, आणि मागे हे चाललं होतं." जरा थांबली. "तो माझा फोन बघतो म्हणून तुला राग येतो ना? मग तू काय केलंस ताई?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही. मी काहीतरी बोलले, की माझा हेतू वेगळा आहे, मी तुझ्या भल्यासाठी केलं. आणि हे शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच मला जाणवलं, की हेच वाक्य तिने दुसऱ्या कोणाकडून तरी शंभरदा ऐकलं असणार.

त्या रात्री तिने त्याला सगळं सांगितलं. सांगणारच होती. ज्याला न विचारता ती केस कापत नव्हती, त्याच्यापासून ती एवढी मोठी गोष्ट लपवील असं मी धरून चालले होते, हाच माझा भाबडेपणा. सकाळपर्यंत प्रत्येक कागदाला त्याच्याकडे उत्तर तयार होतं आणि तो स्वतः घायाळ होता. त्याच्यावर पाळत ठेवली गेली, त्याची बदनामी झाली, त्याच्या प्रेमावर संशय घेतला गेला. रात्री उत्तर द्यायची पाळी त्याची होती, सकाळी बहिणीची झाली होती. जेनिफर फ्रेड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1997 मध्ये या उलटापालटीचं नेमकं वर्णन करून ठेवलंय, हे मला फार नंतर कळलं. आधी साफ नाकारायचं, मग विचारणाऱ्यावरच तुटून पडायचं, आणि शेवटी पीडित आणि पीडा देणारा यांच्या जागाच बदलून टाकायच्या. वाचताना अंगावर काटा आला, कारण तीनही पायऱ्या एका रात्रीत चढून झाल्या होत्या आणि त्या चढायला शिडी मीच नेऊन दिली होती.

दुपारी तिचा मेसेज आला. त्यात 'मर्यादा', 'हस्तक्षेप', 'विषारी वातावरण' असे शब्द होते. माझी बहीण असं लिहीत नाही. ती 'अगं' ने सुरू करते आणि वाक्य अर्धं सोडून देते. तो मेसेज कोणी सांगितला आणि कोणी लिहिला हे मला कळत होतं, पण पाठवला तिनेच होता. यापुढे संपर्क करू नकोस, असा त्याचा अर्थ.

चौदा महिने आम्ही बोललो नाही.

त्या काळात मी पुष्कळ वाचलं. काही स्वतःला समजवायला, काही खरं सांगायचं तर स्वतःचं बरोबर होतं हे सिद्ध करायला. इव्हान स्टार्क या अभ्यासकाचं म्हणणं मला फार दिवस पुरलं. 2007 मध्ये त्यांनी मांडलं, की जोडीदाराकडून होणारा छळ आपण एकेका घटनेने मोजतो आणि तिथेच चुकतो. मारलं का, कधी मारलं, किती लागलं. पण खरा छळ घटनांच्या मधल्या जागेत असतो. कोणाशी बोलायचं, काय घालायचं, किती वाजता घरी यायचं, पैसे कुठे खर्च करायचे, या सगळ्यावर हळूहळू आवळत गेलेली पकड म्हणजे तो छळ. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने अशा पकडीला स्वतंत्र गुन्हा ठरवलं, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथेही एखादा प्रसंग दाखवून भागत नाही. वागण्यातलं सातत्य दाखवावं लागतं.

आणि मी काय नेलं होतं? प्रसंग. सतरा सुटे प्रसंग, तारखांसह. सुट्या प्रसंगाला सुटं स्पष्टीकरण मिळतं, आणि त्याच्याकडे स्पष्टीकरणांची कमतरता कधीच नव्हती. त्यातूनही मोठी चूक म्हणजे, माझी फाईल त्याच्या खोटेपणाबद्दल होती. तिला काय होत होतं याबद्दल त्या फाईलमध्ये एक ओळ नव्हती.

मग ती त्याला धरून का राहिली, याचा विचार करताना मी बराच काळ तिच्यावर चिडलेली असायचे. एवढं दाखवूनही! कॅनडातल्या डॉनल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी 1981 मध्ये अशा नात्यांमधल्या चिवट ओढीबद्दल लिहिलंय. एकाच्या हातात सगळी सत्ता, आणि वागणूक कधी क्रूर कधी अतोनात प्रेमळ, या दोन गोष्टी एकत्र आल्या की बंध सैल पडायच्या ऐवजी घट्ट होतो. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबूतर जास्त वेळ चोच मारत राहतं, हे प्रयोगशाळेतलं जुनं निरीक्षण आहे. माणसाला कबूतर म्हणायला मन धजत नाही. पण त्या चौथ्या दिवसाचं प्रेम मी पाहिलेलं आहे. तीन दिवस ती सुकलेली असायची आणि चौथ्या दिवशी तिचा चेहरा असा उजळायचा, की जगात दुसरं सुख नसेल. तीन दिवसांचं दुःख देणारा आणि ते मिटवणारा एकच होता. त्याच्याकडे पाठ फिरवायची तर त्या दुःखावरचा माहीत असलेला एकमेव उतारा सोडायचा, आणि हे मी तिच्याकडून एका दुपारी मागत होते.

हे सगळं पटलं तरी आत काहीतरी टोचत राहिलं. त्याचं एक वाक्य मला सांगोवांगी कळलं होतं. तो तिला म्हणायचा, "तुझी ताई तुला अजून लहान समजते. तुझं तुला काही कळतं यावर तिचा विश्वासच नाही."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस त्याच्या दुष्टपणाचा पुरावा म्हणून सांगत फिरले. मग एका रात्री, झोप येत नव्हती तेव्हा, मला ते नुसतं वाक्य म्हणून ऐकू आलं. ते खरं होतं. तिने कोणता विषय घ्यावा हे मी ठरवलं होतं. तिचा पहिला अर्ज मी भरला होता. ती काही सांगायला लागली की तिचं वाक्य मी पूर्ण करायचे. प्रेमाने, काळजीने, मोठेपणाच्या हक्काने. अशा माणसाची ताकद खोटं बोलण्यात फारशी नसते, असं आता मला वाटतं. तो खऱ्याचा तुकडा शोधून काढतो आणि तो आपल्या कामाला जुंपतो. माझ्या बहिणीच्या आयुष्यात तो तुकडा मी होते.

मग ती रविवारची दुपार मला वेगळीच दिसायला लागली. तो तिला रोज सांगत होता, तुझ्या डोळ्यांवर, तुझ्या आठवणीवर विश्वास ठेवू नकोस, मी सांगतो ते खरं. आणि मी फाईल घेऊन काय सांगत होते? तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, मी दाखवते ते खरं. माझं खरं होतं आणि त्याचं खोटं होतं, हा फरक माझ्यासाठी आकाशाएवढा होता. तिच्यासाठी दोन्हीकडून एकच निरोप होता, की तुला कळत नाही. दोघांपैकी एकाचं ऐकायचं तर रोज रात्री जो शेजारी असतो त्याचं ती ऐकणार.

चौदाव्या महिन्यात, एका संध्याकाळी, तिचा फोन आला. नाव दिसलं आणि मी घाबरलेच, काही बरंवाईट झालं की काय. तिचा आवाज दबका होता. मागे नळाचं पाणी चालू होतं.

"ताई, एक विचारू? माझ्या चोविसाव्या वाढदिवसाला मी निळा ड्रेस घातला होता ना?"

चौदा महिन्यांनंतर पहिलं वाक्य हे. माझ्या ओठांवर इतकं काही होतं. कशी आहेस, कुठे आहेस, तो घरात आहे का, पाणी कशाला चालू आहे. आणि सवयीने मी उत्तरही देणार होते. पण कुठूनतरी शहाणपण आलं, मी म्हटलं, "तुला काय आठवतं?"

ती गप्प. पाण्याचा आवाज. मग हळूच, "निळा."

"मलाही निळाच आठवतो."

"हं." आणि मग एक लांब श्वास. "ठेवते ताई." फोन बंद झाला.

मी कितीतरी वेळ फोन हातात धरून बसले होते. एवढ्याशा ड्रेसच्या रंगावरून त्या घरात आज काय झालं असेल, याची कल्पना करत.

ज्या इंग्रजी शब्दाने आज जग या छळाला ओळखतं, तो 'गॅसलायटिंग' हा शब्द 1938 च्या एका नाटकाच्या नावावरून आला. 2022 मध्ये एका मोठ्या अमेरिकन शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला, इतका तो सगळ्यांच्या तोंडी झालाय. बायकोला वेडी ठरवू पाहणाऱ्या नाटकातल्या नवऱ्याबद्दल सगळे बोलतात. घरातले गॅसचे दिवे मंद होताना बायकोला दिसतात आणि तिला वाटायला लागतं की आपलं डोकं फिरतंय. पण त्या गोष्टीत तिची सुटका कुठून सुरू होते हे कोणी फारसं सांगत नाही. बाहेरचा एक माणूस घरात येतो, दिवा मंद होतो, आणि तो त्यालाही दिसतो. तुला दिसलं ते मलाही दिसलं, एवढ्यावर ती बाई उभी राहते.

सॉलोमन ॲश यांचे 1950 च्या दशकातले रेघांचे प्रयोग पुष्कळांना माहीत असतात. खोलीत काही जण बसलेले, समोर एक रेघ, आणि तिच्याएवढी दुसरी रेघ तिघींतून ओळखायची. उत्तर लहान मुलालाही यावं इतकं उघड. पण एक सोडून बाकी सगळे आधीच ठरल्याप्रमाणे चुकीची रेघ दाखवतात. त्या एकट्यांपैकी चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं सोडून गर्दीचं उत्तर दिलं. मला मात्र त्या प्रयोगाचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. त्या खोलीत खरं उत्तर देणारा फक्त एक माणूस आणखी बसवला, तर अशी चुकीची उत्तरं आधीच्या चौथ्या हिश्शाएवढीच उरतात. तो माणूस वाद घालत नाही, बाकीचे खोटे आहेत हेही सांगत नाही. आपल्या डोळ्यांना दिसतं ते सांगतो आणि गप्प बसतो. आणखीही एक गोष्ट ॲश यांना दिसली. तो साथीदार काही निमित्ताने खोलीतून उठून गेला, तरी त्याच्या असण्याचा परिणाम मागे टिकून राहिला.

ती रोज कोणाबरोबर राहत होती हे माहीत असताना मला या शेवटच्या वाक्याचा किती आधार होता, हे शब्दांत सांगता येणार नाही.

फोन येत राहिले. कधी आठवड्याला, कधी महिन्याने. प्रश्न तसेच, क्षुल्लक वाटणारे. मागे अमुक ठिकाणी आपण चौघं होतो की पाच? मी लहानपणी फार खोटं बोलायचे का गं? मी चिडले की खूप वाईट बोलते का? प्रत्येक वेळी मी आधी विचारायचे, तुला काय वाटतं, तुला काय आठवतं. मग माझ्या आठवणीत जे असेल ते सांगायचे. वेगळं असेल तर वेगळं. सगळ्याला हो म्हणणं हेही एक प्रकारचं खोटंच झालं असतं, आणि खोट्याला ती विटलेली होती.

हे सोपं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी कितीदा तरी उशीत तोंड खुपसून ओरडले आहे. आतून सगळं ढवळून यायचं, सांगून टाकावं, सोक्षमोक्ष लावावा. आता मला वाटतं, त्या रविवारी मी सत्य सांगितलं त्यामागे तिच्या सुटकेइतकीच माझ्या सुटकेची घाई होती. माहीत असलेलं एकटीने वाहणं मला असह्य झालं होतं. ते मी तिच्या पुढ्यात ओतलं आणि मोकळी झाले, आणि तिला एकटीला त्या ओझ्यासह त्याच्या घरी पाठवून दिलं.

म्हणून गप्प बसावं का? मला हा प्रश्न फार जणी विचारतात, आणि मी जीव तोडून नाही म्हणते. जिवाला धोका असेल, हात उगारला जात असेल, गळा धरला गेला असेल, तर तिथे वाट बघण्याचा प्रश्नच नाही, तिथे जाणत्या माणसांची, कायद्याची मदत घ्यायची. आणि लक्षात ठेवायचं, की सोडून जाण्याचा काळ हाच अशा नात्यात सगळ्यात धोक्याचा असतो, त्यामुळे 'निघ आत्ताच्या आत्ता' असं फोनवर ओरडणाऱ्याने ती कुठे, कशी, कोणासोबत निघेल याचा आधी विचार केलेला असावा. धोका नसेल तरीही खोटी संमती देऊ नये. एकदा तिने थेट विचारलं, "तुला तो कसा वाटतो?" मी म्हटलं, "मी त्याला तुझ्याशी खोटं बोलताना पाहिलंय. आणि त्याच्यासमोर तू घाबरलेली असतेस असं मला दिसतं. माझं चुकत असेल तर तू सांग." एवढंच. तेही मला जे दिसलं त्याबद्दल. फाईलचा विषय मी काढला नाही. ती काही बोलली नाही, पण फोनही ठेवला नाही. आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या श्वास घेत होतो.

त्यानंतर चार महिन्यांनी ती बॅग घेऊन माझ्या दारात आली. नऊ दिवस राहिली आणि परत गेली. त्या वेळी दार लावताना मी "पुन्हा ये" एवढंच म्हणू शकले, आणि ते म्हणायला माझी सगळी ताकद लागली. घरातले माझ्यावर संतापले, तू तिला जाऊच कसं दिलंस? पण तिला 'जाऊ देणारी' मी कोण, हा धडा मी फार महाग शिकले होते. दीड महिन्याने ती पुन्हा आली. या वेळी बॅग मोठी होती आणि पर्समध्ये ती वही होती.

काय झालं हे तिने बऱ्याच दिवसांनी सांगितलं. तो बाहेर गेला होता आणि तिने वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. इतके दिवस ती एकेक नोंद शोधायची, आपलं चुकलंय का हे बघायला. सलग कधीच वाचली नव्हती. सलग वाचताना तिला दिसलं, की एका पानावर 'तो ठीक आहे म्हणाला' आणि दोन पानांनी 'तो म्हणाला असं ठरलंच नव्हतं'. मग पुन्हा तेच. आणि पुन्हा. ती पेन्सिलने खुणा करत गेली. एकतिसाव्या खुणेला तिने पेन्सिल खाली ठेवली.

"माझं अक्षर होतं ताई," ती मला म्हणाली. "तारखा माझ्याच होत्या. कोणाला विचारायचीही गरज नव्हती."

म्हणजे पुरावा माझ्या फाईलच्या खूप आधीपासून तिच्या पर्समध्ये होता. तो माझ्या डोळ्यांसमोर उघडला गेला होता, उलटा का होईना, मी वाचलाही होता, आणि मग घरी जाऊन दुसरा शोधायला लागले होते.

माझ्या फाईलबद्दल तिने एकदाच विचारलं, अजून आहे का. मी हो म्हटलं, काढून देऊ का विचारलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "नको. मला आता त्याचं काही जाणून घ्यायचं नाही."

ती सावरली असं मी लिहिणार नाही. फोन वाजला की अजून तिचे खांदे वर येतात. कोणी जास्त प्रेमाने वागलं की तिला आधी भीती वाटते. दुकानात कपडे बघताना कधी कधी ती माझ्याकडे वळते आणि डोळ्यांनीच विचारते, घेऊ का? मी दुसरीकडे बघते. माझ्यासाठीही ते अजून कठीणच आहे, जिभेवर उत्तर तयार असतं.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी जुने फोटो नीट लावत होतो. तिच्या हातात एक फोटो आला आणि ती एकदम थांबली. चोविसावा वाढदिवस. मागच्या बाजूला तारीख होती. ती मधोमध उभी, मी शेजारी, आणि तिच्या अंगात ड्रेस होता तो हिरवा. चांगला गडद हिरवा, निळ्याशी काही संबंध नसलेला.

माझ्या पोटात गोळा आला. मी तिच्याकडे पाहिलं. त्या एका रंगावर मी तिला उभं केलं होतं.

ती फोटो उजेडाकडे धरून बघत राहिली. मग म्हणाली, "अगंबाई. हिरवा होता की!" आणि हसायला लागली. तोंडावर हात न ठेवता, पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल असं. "तो एवढ्यापुरतं खरं बोलत होता. आणि तूही ताई, खुशाल म्हणालीस निळाच म्हणून!"

"मला खरंच निळा आठवत होता गं."

"मलाही," ती म्हणाली. "चुकलं आपलं दोघींचं." आणि तो फोटो तिने बाकीच्या फोटोंत ठेवून दिला आणि पुढचा उचलला.